सुट्या ट्रॅकचा बँड

शहागंजातल्या एका लग्नाच्या बँडमध्ये उभा जन्म क्लॅरिनेट वाजवलेल्या मास्टरांचं काम माझ्यामुळे गेलं. माझ्या चुकीमुळे नव्हे. चूक झाली असती तर ते वाचले असते. काम चोख झालं म्हणून त्यांचं गेलं. हे मी कुणाला सांगितलं की लोक समजूत घालायला लागतात, "अगं, तू नसतं केलंस तर दुसऱ्या कुणी केलं असतं." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तो दुसरा बसला असता त्याचं त्याचं निस्तरत. केलं मी.

सिडकोतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत माझा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या, खिडकीला दुहेरी पडदा, एक कॉम्प्युटर, चार बरे माइक आणि दारावर 'रेकॉर्डिंग चालू आहे, बेल वाजवू नये' अशी पाटी. ती पाटी वाचून झाली की लोक बेल वाजवायचे. आजोबा गावात भिक्षुकी करायचे, वडील सरकारी कचेरीत कारकून होते, आणि मी भजनी मंडळांची भजनं, शाळांची स्नेहसंमेलनं, निवडणुकीच्या रिक्षांवर लावायच्या घोषणा असलं काहीबाही रेकॉर्ड करायचे. "मंगलाष्टकं म्हणणाऱ्यांच्या घरात वाजंत्री जन्माला आली," असं माझे एक काका घरच्या प्रत्येक लग्नात न चुकता म्हणत, आणि दर वेळी आपणच पहिले हसत.

ती दुष्काळाची वर्षं होती. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेलेले. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही येईल तेव्हा. खोलीत कूलर होता, पण त्यात ओतायला पाणी नव्हतं. तसाही रेकॉर्डिंगच्या वेळी कूलर बंदच ठेवावा लागतो, म्हणून दुष्काळाचा मला फायदाच झाला असं मी गमतीने म्हणायचे. त्याच वेळी बीड बायपासला एकामागून एक लॉन उघडत होते. लग्नासाठी हिरवळ, दारात कारंजं, कारंज्यात टँकरचं पाणी. गावात हंड्यांची रांग आणि इथं कारंजं, हे बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण त्या लॉनवाल्यांच्या जाहिराती मीच रेकॉर्ड करत होते, तेव्हा फार बोलायची सोय नव्हती.

अशा एका उन्हाळ्यात बँडचा मालक माझ्याकडे आला. चाळिशीचा, गोड बोलणारा, पानाची पुडी खिशात. मास्टर हे त्याचे सख्खे चुलते. खेड्यापाड्यांतली लग्नं एक तर पुढे ढकलली जात होती किंवा सामुदायिक विवाहात उरकली जात होती, आणि सामुदायिक विवाहात पन्नास नवरदेवांना मिळून एक बँड. राहिली शहरातली लॉनवरची लग्नं. "लॉनवाल्यांना ऐकवायला काहीतरी पाहिजे मॅडम," तो म्हणाला. "मोबाइलवर काढलेलं कोण ऐकतंय? आमचा पूरा बँड रेकॉर्ड करून द्या. एकदम साफ."

पूरा बँड म्हणजे पंधरा माणसं. माझ्या खोलीत पंधरा माणसं उभी राहिली असती तर श्वास घ्यायला सोळावी जागा उरली नसती. म्हणून मी त्यांना एकेक, दोन-दोन करून बोलावलं. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते, हल्ली रेकॉर्डिंग असंच होतं. आधी ढोल-ताशा आणि ड्रम वाजवून घ्यायचे. मग ते हेडफोनवर ऐकत ट्रम्पेटवाल्याने आपलं वाजवायचं, मग सॅक्सोफोनवाल्याने, मग बाकीच्यांनी. प्रत्येकाचा आवाज कॉम्प्युटरमध्ये वेगळ्या पट्टीवर राहतो. तिला आम्ही ट्रॅक म्हणतो. पडद्यावर अशा पट्ट्या एकाखाली एक दिसतात आणि सगळ्या एकदम चालवल्या की बँड वाजतो. प्रत्येक पट्टीसमोर एक छोटं बटण असतं, ते दाबलं की तेवढा एक माणूस गप्प होतो. या बटणाकडे मी तोवर कधी वाईट नजरेने पाहिलं नव्हतं.

सगळ्यांत शेवटी मास्टर आले. उंच, सडसडीत, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. आल्या आल्या त्यांनी कपडा उलगडला, क्लॅरिनेटचे तुकडे जोडले आणि खोलीच्या मधोमध उभ्याने नुसते सूर लावत राहिले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी म्हटलं, घ्यायचं का?

"ठैरो बेटा," ते म्हणाले. "गर्मी में बाजा चढता. अब्बी लिये तो शुरू में एक सूर, आखिर में दुसरा. पहिले पूरा चढने दो, फिर लेंगे."

एवढं कळणारा माणूस माझ्या खोलीत त्याआधी आला नव्हता. रेडिओवर गाणाऱ्या बाई येऊन गेल्या होत्या, संगीत विशारद येऊन गेले होते. कुणी उन्हाने सूर चढतो म्हणून थांबलं नव्हतं. मास्टर घामाने निथळत अर्धा तास वाजवत राहिले आणि मग मान हलवली. सात गाणी त्यांनी ओळीने वाजवली. फक्त एका जागी थांबून म्हणाले, "ये वापस." मला तिथं काहीच खटकलं नव्हतं. त्यांना खटकलं होतं.

काम झाल्यावर मी त्यांना त्यांची पट्टी एकटी ऐकवली. बाकीचे चौदा गप्प, नुसतं क्लॅरिनेट. ते खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होते. चेहरा असा, की परक्या घरात आपला फोटो लावलेला दिसावा.

"इत्ता अकेला बजतूं मैं?" ते म्हणाले. "मेरेकू कब्बी सुनने में नहीं आया. चालीस साल में आजू-बाजू ढोल नहीं ऐसा एक दिन नहीं गया."

त्यांनी ते तीनदा ऐकलं. जाताना मला म्हणाले, की बेटा, तेरे हाथ में सफाई है. असं कुणी मला आजवर म्हटलं नव्हतं, त्यामुळे मी दिवसभर घरात गुणगुणत हिंडले.

सगळं एकत्र करून, आवाजांचं कमीजास्त बघून मी मालकाला पेनड्राइव्ह दिला. तो खूश झाला. महिनाभराने परत आला आणि म्हणाला, "मॅडम, सुटं सुटं पाहिजे. हरेकाचं वेगळं."

मी विचारलं, कशाला?

"बाहेरून मिक्सिंग करून घ्यायचंय. एक जण आहे, त्याच्याकडं दुसरं सॉफ्टवेअर आहे."

इथं मी विचारायला हवं होतं. बँडचं एकदा केलेलं मिक्सिंग पुन्हा कशाला करायचं, त्याला सुट्या आवाजांची गरज काय, हे विचारायला मला पुरी अक्कल होती. पण माझं डोकं दुसरीकडेच गेलं. माझं केलेलं काम दुसरा कुणीतरी परत करणार! म्हणजे माझ्यात काय कमी राहिलं? नाकाला मिरची झोंबली. मी काही न विचारता कॉम्प्युटरमधलं पूर्ण फोल्डर जसं होतं तसं त्याच्या ड्राइव्हवर टाकलं, 'घ्या' म्हटलं आणि दार लावून घेतलं.

जसं होतं तसं दिलेलं फोल्डर दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चालत नाही, हे मला ठाऊक होतं. प्रत्येक सॉफ्टवेअरची आपली आपली वही असते. कुठला आवाज कितव्या सेकंदाला सुरू होतो हे त्या वहीत लिहिलेलं असतं आणि एकाची वही दुसऱ्याला वाचता येत नाही. त्याच्या हाती पडतात ते नुसते तुकडे. ते कुठं ठेवायचे हे त्याने आपल्या मनाने ठरवायचं. मला हे माहीत होतं आणि मी मुद्दाम सांगितलं नाही. बसू दे म्हटलं डोकं खाजवत.

आठ दिवसांनी फोन आला. मालक नव्हता, तो दुसऱ्या सॉफ्टवेअरवाला होता. फर्दापूरकडचा माणूस, आधी हॉटेलांत की-बोर्ड वाजवायचा, आता स्पीकर लावलेली गाडी चालवायचा.

"मॅडम, तुमचं काम लई कच्चं हाय," तो सरळ म्हणाला. "सगळे एकदमच सुरू होतेत. ट्रम्पेट दोन मिन्टांनी यायला पाह्यजे तर ते पहिल्यांदाच वरडतंय. अन् समदं हळू वाजतंय. सूर बी खाली गेलाय. क्लॅरनेट तर म्हशीवानी वाटतंय."

कच्चं! माझं काम कच्चं! मास्टरांचं क्लॅरिनेट आणि म्हशीसारखं! माझा आवाज इतका चढला की स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. मी त्याला म्हटलं की तुमचं चोरीचं सॉफ्टवेअर तुम्हाला वापरता येत नाही हा माझा दोष नाही. तो म्हणाला, "व्हय का? मग तुम्ही या अन् करून दावा." आणि ठेवला फोन.

आता कळतं, की त्या आठ दिवसांत मास्टर सुखरूप होते. सगळं गबाळ झालेलं होतं, आवाज भलतीकडेच पळत होते, आणि त्या गोंधळाच्या आड पंधराच्या पंधरा माणसांची पोटं शाबूत होती. मी नुसती रागाने घरात बसून राहिले असते तरी पुरे होतं. राग आला की आमच्या घरातली बाकीची माणसं अबोला धरतात. मी काम करते, हा माझा दुर्गुण.

त्या रागात मी दोन दिवस घालवले. सातही गाण्यांतली प्रत्येक पट्टी उचलली. ट्रम्पेटवाला दोन मिनिटांनी वाजवू लागतो ना, मग त्याच्या पट्टीच्या पुढे दोन मिनिटांची शांतता भरली, म्हणजे सगळ्या पट्ट्या गाण्याच्या पहिल्या क्षणापासून सुरू होतील आणि त्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये एकाखाली एक ठेवल्या की आपोआप जुळतील. माझ्याकडे एका सेकंदाला आवाजाचे अठ्ठेचाळीस हजार नमुने घेतले जात होते आणि त्याच्या सॉफ्टवेअरची गणती चव्वेचाळीस हजार शंभरची; म्हणून ते हळू आणि खालच्या सुरात वाजत होतं. तेही बदलून दिलं. फायलींना कॉम्प्युटरने दिलेली आकड्यांची नावं होती, ती काढून मी नीट मराठीत नावं घातली. ताशा एक, ताशा दोन, ड्रम, ट्रम्पेट. मास्टरांच्या फायलीला मी 'क्लॅरिनेट, मास्टर' असं नाव दिलं. आदराने दिलं, हे सांगताना आज मला स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

मग ड्राइव्ह घेऊन मी स्वतः शहागंजात गेले. बँडचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले लाल कोट आणि पोटात हवा नसल्यासारखे लोंबणारे ढोल. दारातल्या बाकावर मास्टर बसले होते. फर्दापूरवाला लॅपटॉप घेऊन आतच होता. मी नमस्कारही न करता ड्राइव्ह लावला, फायली ओढून टाकल्या आणि म्हटलं, वाजवा.

वाजलं. काय वाजलं! ताशाचा पहिला कडकडाट, दोन मिनिटांनी जागच्या जागी ट्रम्पेट आणि त्या सगळ्यांवरून मास्टरांचं क्लॅरिनेट. समोरचा बांगडीवाला दुकान सोडून दारात आला. फर्दापूरवाला म्हणाला, "आता कसं! एकदम ओके." मी एवढ्यावर थांबायचं ना? मला त्याची जिरवायची होती. मी म्हटलं, "नुसतं जुळलंय असं नाही. आवाज एकमेकांत मिसळलेलेच नाहीत. एकेकाला वेगळं वाजवून घेतलंय. हे बघा," आणि मी क्लॅरिनेटसमोरचं बटण दाबलं. क्लॅरिनेट गप्प झालं, बाकी बँड वाजत राहिला, त्यात त्याचा मागमूसही नाही. पुन्हा दाबलं, आलं. ट्रम्पेट गप्प केलं, आणलं. "कुणालाही काढा, कुणालाही घाला," मी म्हटलं. "समजणार नाही."

हे माझे शब्द आहेत. मालक पान चघळत माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत होता. बाकावरून मास्टर म्हणाले, "वाह बेटा, वाह!"

पावसाळ्याच्या तोंडाशी, म्हणजे पंचांगातल्या पावसाळ्याच्या, कारण आभाळात काही नव्हतंच, मास्टर एकटेच माझ्याकडे आले. हातात क्लॅरिनेट नव्हतं. मी पाणी दिलं, ते त्यांनी अर्धंच प्यायलं आणि उरलेलं वाया जाऊ नये म्हणून ग्लास परत माझ्या हातात दिला.

"बेटा, एक बात पूछूं? वो अलग अलग किये सो, वापस जोडने आता क्या?"

मला वाटलं गाण्यात काही बिघडलंय. म्हटलं, जोडून तर दिलंय ना मालकांना, पहिल्याच पेनड्राइव्हवर.

"वो नहीं. ऐसा जोडने आता क्या के फिर किसीकू निकालने नहीं आना?"

मग त्यांनी सांगितलं. आता बँडबरोबर स्पीकरची गाडी निघत होती. ज्याला जेवढा बँड परवडतो तेवढी माणसं न्यायची, बाकीची लॅपटॉपमधून वाजवायची. सहा माणसं आणि नऊ बटणं. ढोल-ताशेवाले लागतातच, कारण त्यांच्यासमोर लोक नाचतात. गेले ते फुंकणारे. त्यातही सगळ्यांत आधी क्लॅरिनेट, कारण मास्टर सगळ्यांत महाग आणि त्यांचा ट्रॅक सगळ्यांत चांगला.

मी म्हटलं, फायली आता त्यांच्याकडे आहेत, माझ्याकडच्या पुसल्या तरी त्यांच्याकडच्या राहणार.

"अच्छा," ते म्हणाले. "मैं सोचा तुमकू आता होइंगा." आणि उठले.

त्यांनी मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला कुणीच शिव्या देत नव्हतं. म्हणून मी दुसऱ्याला द्यायला निघाले. तशीच शहागंजात गेले आणि भर दुकानात मालकाला धरलं. तुम्ही मला फसवलंत, मिक्सिंग म्हणालात, सख्ख्या चुलत्याच्या ताटात माती कालवलीत, जनाची नाही तर मनाची तरी ठेवायची. बांगडीवाला परत दारात आला. मालकाने पान थुंकलं, आणि त्याच्या तोंडचा गोडवा पहिल्यांदाच गेला.

"चिल्लाव मत मॅडम. लॉनवाला म्हणतो डीजे पॅकेजमध्येच आहे, बँड कशाला? सिल्लोडचा मका गेला, कपाशी गेली, तिकडची लग्नं बंद. पंधरा माणसं घेऊन बसलो असतो तर पंधराच्या पंधरा घरी बसली असती. सहा तर चालू आहेत ना? आणि चच्चाला मी काढलं नाय. मी बोललो, कोट घालून खडे रहो, क्लॅरनेट मुंह को लगाव, बस. बँड भरलेला दिसला पाहिजे. तेच नाय म्हणले."

"नुसतं उभं राहायचं? न वाजवता?"

"आवाज गाडीतून येतोय ना. आणि मॅडम," तो माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "तुम्हीच तर दाखवलं. कुणालाही काढा म्हणून."

दुष्काळाचं तो खोटं बोलत नव्हता, आणि मला त्याचा सगळ्यात जास्त संताप आला. साफ खोटारडा असता तर त्याला शिव्या घालून मी मोकळी झाले असते. परतताना मी रिक्षात रडले. दुःखाने नाही, चिडून. रिक्षावाल्याने आरसा वळवून बघितलं, तर त्यालाही झापलं.

त्यानंतर मी बँड काय, कुणाचंच सुटं सुटं दिलं नाही. भजनी मंडळवाले मागायला आले तरी कारण विचारल्याशिवाय देत नसे, आणि कारण ऐकूनही देत नसे. लोक मला विक्षिप्त म्हणू लागले. म्हणू देत.

पुढच्या वर्षी माझ्या मावसबहिणीच्या दिराचं लग्न निघालं, सिल्लोडला. दुष्काळ होताच, पण नवरदेवाला पुण्यात नोकरी, त्यामुळे घराला दुष्काळ लागू नव्हता. गोरज मुहूर्त होता. उन्हं कलायला लागली तसा परण्या निघाला. आमच्याकडे नवरदेवाला वाजतगाजत आधी मारुतीला नेतात तो. घोडा, डोक्याला फेटे बांधलेली मित्रमंडळी, आणि पुढे लाल कोटातला बँड. पाठोपाठ स्पीकरची गाडी. मी बायकांच्या घोळक्यात मागे चालत होते. शेजारून काका, तेच ते, म्हणाले, "ऐक, तुझी जातभाई मंडळी वाजवतायत."

मी ऐकत होतेच. ते माझं होतं. ती गाद्या लावलेली खोली मला ऐकू येत होती, तो बिनपाण्याचा उन्हाळा ऐकू येत होता. अर्धा तास सूर चढवून मगच धरलेली ती ओळ मी कुठंही ओळखली असती.

मी घोळक्यातून वाट काढत पुढे गेले. पहिल्या रांगेत मास्टर उभे होते.

लाल कोट त्यांना खांद्यांत सैल झाला होता. क्लॅरिनेट ओठांना लावलेलं, बोटं छिद्रांवरून धावत होती, प्रत्येक बोट ज्या त्या सुराला ज्या त्या छिद्रावर. फक्त गाल फुगत नव्हते. गळ्याची शीर ताठत नव्हती. आवाज त्यांच्या पाठीमागून, आठ हातांवरून, त्या गाडीतून येत होता आणि त्यांची बोटं त्या आवाजाची चाकरी करत होती.

मला काय झालं ते नीट सांगता येणार नाही. रागाने कानशिलं तापली एवढं आठवतं. मालकाचा राग, लॉनवाल्यांचा राग, हौसेने नाचणाऱ्या त्या फेटेवाल्यांचा राग, मास्टर शेवटी कबूल झाले याचाही राग. काकांचाही, कारण आजोबांची मंगलाष्टकं म्हणायला अजून हाडामांसाचा भटजीच लागत होता आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. फर्दापूरवाला चहा घ्यायला टपरीवर उतरला होता. ड्रायव्हर गाडी पावलापावलाने पुढे नेत होता, मागचं फळकुट खाली सोडलेलं होतं आणि लॅपटॉप उघडा. पडद्यावर माझ्याच हातची नावं. मी फळकुटावर चढले आणि 'क्लॅरिनेट, मास्टर' समोरचं बटण दाबलं.

क्लॅरिनेट बंद झालं. ढोल-ताशे वाजत राहिले, ट्रम्पेट गाडीतून वाजत राहिलं, मधे एक मोकळी जागा पडली. आता वाजवा, मी मनात म्हणत होते. वाजवा मास्टर, आता तुमच्याशिवाय कुणी नाही.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षातही आलं नाही. फेटेवाले नाचतच होते. मास्टरांच्या मात्र त्याच क्षणी लक्षात आलं. त्यांनी मान वळवली, मला गाडीवर पाहिलं. बोटं थांबली नाहीत. मी हाताने खूण केली, वाजवा! त्यांनी वाजवलं नाही. मी पुन्हा खूण केली. आता एका फेटेवाल्याने त्यांच्या बोटांकडे पाहिलं, मग दुसऱ्याला कोपराने ढोसलं, आणि दोघं म्हाताऱ्याच्या मुक्या बाजाकडे बोट दाखवून हसायला लागले. आणखी तिघं-चौघं वळली. कुणीतरी मोबाइल काढला.

मास्टर रांग सोडून गाडीपाशी आले. क्लॅरिनेटचं तोंड त्यांनी माझ्यासमोर धरलं. तिथं जी लाकडाची पातळ पत्ती बांधलेली असते, जी थरथरली तरच आवाज निघतो, ती पत्ती नव्हती. उघडं भोक होतं.

"भतीजा निकाल के रख लेता," ते हळू आवाजात म्हणाले. "आदत से फूंक दिया तो डबल बजता बोलको."

माझा हात बटणावर तसाच होता.

"चालू कर बेटा," ते म्हणाले. "लोगां देख रहे."

मी चालू केलं. मास्टर रांगेत आपल्या जागी गेले, क्लॅरिनेट ओठांना लावलं, आणि ओळ जिथवर आली होती तिथूनच बोटं चालवायला लागले, एकही सूर न चुकता.